वर्गाबाहेरील शिक्षण आणि मार्गदर्शक शिक्षक : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

सारांश

शालेय विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन निसर्गात व परिसरात शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अभ्यासक्रम, कायदा आणि न्यायालयाचे आदेश या तिन्हींनी तिला मान्यता दिलेली आहे. तरीही क्षेत्रभेट अनेकदा वहीतील अहवालापुरती उरते किंवा करमणुकीच्या सहलीत विरून जाते. या दोन टोकांच्या मध्ये जे शिक्षण घडू शकते, ते सर्वस्वी मार्गदर्शक शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या शिक्षकाचे कार्य, त्याची जबाबदारी व त्याच्यापुढील अडचणी यांचा ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांच्या संदर्भात विचार केला असून, महाविद्यालयांना या कार्यात कोणता वाटा उचलता येईल याचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : क्षेत्रभेट, परिसर अभ्यास, मार्गदर्शक शिक्षक, वालधुनी, सुरक्षितता, बालसंरक्षण

१. प्रस्तावना

सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच प्रकरणाला ‘क्षेत्रभेट’ हे शीर्षक दिलेले आहे. मुले शिक्षकांबरोबर प्रवासाला निघतात, वाटेत भूरूपे, पिके, वस्त्या पाहतात, प्रश्न विचारतात आणि नोंदी करतात, अशी त्या प्रकरणाची मांडणी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने क्षेत्रभेटीला अग्रस्थान द्यावे, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु परीक्षेत क्षेत्रभेटीची पूर्वतयारी, प्रश्नावली व अहवाल यांवर प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेतून पाठ करता येतात. परिणामी ज्या विद्यार्थ्याने शाळेबरोबर गावाबाहेर एकदाही पाऊल टाकलेले नाही, तोही क्षेत्रभेटीवर पूर्ण गुण मिळवू शकतो. ज्या प्रकरणाचा हेतू मुलाला पुस्तकाबाहेर काढण्याचा, तेच प्रकरण पुस्तकात बंदिस्त होते.

ही विसंगती केवळ परीक्षापद्धतीमुळे निर्माण झालेली नाही. मुलांना बाहेर नेणे म्हणजे शिक्षकाने स्वतःवर जबाबदारी ओढवून घेणे होय. पाठ पुस्तकातून शिकवला तर कोणी जाब विचारत नाही. नदीकाठी नेऊन शिकवताना एखाद्याचा पाय घसरला तर मात्र पहिला प्रश्न शिक्षकालाच विचारला जातो. अशा वेळी न जाण्याचा निर्णय शिक्षकाला सोयीचा वाटतो. मात्र हा निर्णय विद्यार्थ्यांच्याही हिताचा आहे काय, हा प्रस्तुत लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. संकल्पनेचे स्वरूप

वर्गाबाहेरील शिक्षणासाठी मराठीत एकच सर्वमान्य संज्ञा रूढ झालेली नाही. ‘बहिःशाल’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळामुळे तो व्याख्यानमाला व विद्यापीठाबाहेरील लोकशिक्षण या अर्थी स्थिरावला आहे. शाळेच्या व्यवहारात सहल, वनभोजन, क्षेत्रभेट, निसर्गभ्रमण, शिबिर असे शब्द वापरले जातात. त्यांतील सीमारेषा पुसट असल्यामुळे एकीची परवानगी काढून दुसरीच गोष्ट केली जाते. विवेचनाच्या सोयीसाठी येथे तीन प्रकार वेगळे मानले आहेत.

पहिला प्रकार सहलीचा. तिचे मुख्य प्रयोजन आनंद व सहवास हे असते आणि त्यात गैर काही नाही. दुसरा प्रकार क्षेत्रभेटीचा. तिच्यामागे निश्चित प्रश्न असतो, नोंद असते आणि परतल्यावर त्या नोंदीवर वर्गात काम होते. तिसरा प्रकार साहस शिबिराचा. गिरिभ्रमण, मुक्काम, प्रस्तरारोहण अशा अनुभवांतून धैर्य, सहकार्य व स्वतःच्या मर्यादांची जाणीव घडवणे हे त्याचे उद्दिष्ट असते. तिन्ही प्रकारांत शिक्षक बरोबर असतो. परंतु सहलीत तो मुख्यत्वे देखरेख करतो, क्षेत्रभेटीत अध्यापन करतो, तर साहस शिबिरात त्याला तांत्रिक प्रशिक्षणाचीही आवश्यकता असते. ही भूमिका स्पष्ट नसेल तर कार्यक्रम फसतो, प्रसंगी धोक्यातही येतो.

जॉन ड्यूई यांनी ‘एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन’ (१९३८) या ग्रंथात प्रत्येक अनुभव शिक्षण देणारा असतोच असे नाही, असा महत्त्वाचा विचार मांडला. काही अनुभव पुढील शिक्षणाची वाट खुली करतात, तर काही ती रोखतात. धबधब्यावर नेलेल्या मुलाला केवळ आरडाओरडा व छायाचित्रेच आठवत असतील, तर अनुभव घडला पण शिक्षण घडले नाही. त्या दोहोंमधील दुवा जोडण्याचे काम शिक्षकाचे आहे.

३. पूर्वपरंपरा

भारतात या विचाराची पाळेमुळे खोलवर गेलेली आहेत. रवींद्रनाथ टागोर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे सुरू केलेल्या विद्यालयात झाडाखालील वर्ग ही नित्याची बाब होती. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीम योजनेने हस्तोद्योग व परिसर यांना शिक्षणाचे माध्यम मानले.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे आहे. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी कुरणात जात असल्याने शाळेत येऊ शकत नाहीत, हे ध्यानात आल्यावर शाळाच कुरणात नेण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. ‘कुरणशाळा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात दगड, पाने, बिया, पक्षी हीच शैक्षणिक साधने झाली. आज क्षेत्रभेटीचा विचार शहरी मुलांना निसर्ग दाखवण्याच्या अंगाने होतो. कुरणशाळेत मात्र मुले मुळातच निसर्गात होती आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते ते शिक्षकांना. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, हे या प्रयोगाचे सार आजही तितकेच उपयुक्त आहे.

पाश्चात्य देशांत बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरातून बालवीर चळवळीला प्रारंभ झाला. कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. स्वतंत्र भारतात दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (१९६५) यांनी गिर्यारोहणाचे पद्धतशीर प्रशिक्षण उपलब्ध करून दिले. महाराष्ट्रात दुर्गभ्रमणाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली आणि अनेक शाळांतील शिबिरे अशाच हौशी गिर्यारोहक शिक्षकांच्या खांद्यावर उभी राहिली.

धोरणात्मक पातळीवरही अनुकूलता दिसते. पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्यासंबंधी एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांचा पाठपुरावा २००३ च्या आदेशाने झाला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालणे हे आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अग्रभागी ठेवले. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिकण्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची तरतूद सुचवली. तेव्हा या शिक्षणाला अधिष्ठान आहे. उणीव आहे ती ते अमलात आणणाऱ्या शिक्षकाला मिळणाऱ्या पाठबळाची.

४. तीन शहरे, एक परिसर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गालगतची शहरे आहेत. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीवर वसलेले आहे. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना या ‘कल्याण कॅम्प’मध्ये आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक होती. अंबरनाथला एकीकडे शिलाहारकालीन शिवमंदिर, तर दुसरीकडे आयुधनिर्माणी, काडेपेटीचा कारखाना व औद्योगिक वसाहत अशी दुहेरी ओळख लाभली. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव अलीकडच्या दशकांत वेगाने वाढून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचे निवासी शहर झाले.

या परिसरातील विद्यार्थ्याला निसर्ग पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. मलंगगड, टावली, नवरा-नवरी व चंदेरी ही शिखरे शाळेच्या गच्चीवरून दिसू शकतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झालेला बेसाल्ट त्याच्या पायाखाली आहे. त्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा संबंध उल्हास नदीशी किंवा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाशी आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य प्राप्त झाले. ते ठिकाणही एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे. तरीही यांतील किती गोष्टी शाळेच्या शैक्षणिक नियोजनात येतात, याचा विचार होणे आवश्यक आहे.

५. वालधुनी : एका क्षेत्रभेटीचा आराखडा

मार्गदर्शक शिक्षकाचे कार्य स्पष्ट होण्यासाठी एका प्रत्यक्ष आराखड्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. वालधुनी ही उल्हासची छोटी उपनदी अंबरनाथजवळील काकोळे परिसरातील डोंगरात उगम पावते, शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उगमापासून उल्हासनगरापर्यंतचा तिचा प्रवास शाळेच्या एका दिवसात तीन थांब्यांवर पाहता येतो.

पहिला थांबा काकोळे परिसरातील जीआयपी तलावाचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले आहे. येथे पाण्याचा रंग, गाळ, काठावरच्या वनस्पती, खेकडे व कीटक यांची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. रेल्वेला तलावाची गरज का भासली, या प्रश्नातून वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्याकडे व तेथून इतिहासाकडे वळता येते.

दुसरा थांबा शिवमंदिराचा. मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा असून तो उत्तर कोकणच्या शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातील आहे. भूमिज शैलीचे हे मंदिर स्थानिक काळ्या पाषाणात बांधले असून त्याचा गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा खाली आहे. येथे शिक्षकाने मूर्तींची नावे सांगत सुटण्याऐवजी प्रथम काही प्रश्न द्यावेत. ज्या दगडावर सकाळी तलावाकाठी आपण बसलो, तो आणि हा दगड एकच आहे काय? बाहेरच्या भिंतीवरील कोणत्या बाजूची शिल्पे अधिक झिजली आहेत आणि त्याचा पावसाच्या दिशेशी काही संबंध असेल काय? मंदिर नदीकाठी का बांधले असावे? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी पाहून शोधायची असल्याने त्यांच्या हातात माहितीपुस्तिकेऐवजी कोरा कागद व पेन्सिल असणे श्रेयस्कर.

तिसरा थांबा उल्हासनगरातील पुलाचा. येथे त्याच नदीचे पाणी काळपट दिसते व दुर्गंधी जाणवते. उद्योगांचे सांडपाणी, घरगुती मैला व कचरा यांनी वालधुनीची अवस्था दयनीय केली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत रासायनिक कचरा सोडला गेल्याने निर्माण झालेल्या विषारी वायूचा त्रास होऊन उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. या थांब्यावर मुलांनी पाण्याला हात लावू नये. नमुना घ्यावयाचा असल्यास तो हातमोजे घालून शिक्षकाने घ्यावा आणि पीएच पट्टीवरील रंग मुलांनी वाचावा. सकाळी तलावाच्या पाण्यात हीच पट्टी बुडवलेली असेल, तर दोन आकड्यांतील फरक त्यांना स्वतःच दिसेल.

काही शाळा केवळ पहिले दोन थांबे ठेवतील, कारण तिसरा प्रेक्षणीय नाही. परंतु असे केल्यास निसर्ग म्हणजे शहराबाहेरील स्वच्छ जागा व शहर म्हणजे निसर्ग नसलेली जागा, असा गैरसमज दृढ होईल. उल्हासनगरातील बहुसंख्य मुलांसाठी वालधुनी हाच घराजवळचा प्रवाह आहे. तो अभ्यासातून वगळणे म्हणजे त्यांचा परिसर अभ्यासाला अयोग्य ठरवणे होय. त्याच वेळी शिक्षकाने येथे कोणाला दोषी ठरवण्याची घाई करू नये. ज्या कारखान्यांचे सांडपाणी नदीत जाते, त्यांतच वर्गातील काही मुलांचे पालक कामाला असू शकतात. रोजगार व नदी यांतील ताण मुलांसमोर प्रामाणिकपणे मांडणे हा या पाठाचा सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा भाग आहे.

६. मार्गदर्शक शिक्षकाची कार्ये

वरील आराखड्यावरून शिक्षकाच्या कार्याचे तीन टप्पे स्पष्ट होतात.

*(अ) भेटीपूर्वी :* शिक्षकाने त्याच ऋतूत आणि शक्यतो त्याच वेळी स्थळाची पूर्वपाहणी केली पाहिजे. मे महिन्यात पाहिलेला ओढा जुलैत वेगळा असतो. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली, मोबाइलची संपर्कक्षमता, जवळचे रुग्णालय व वाहन थांबण्याची जागा यांची नोंद पूर्वपाहणीत करावी. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय नसेल, तर मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात; ही बाब पुरुष शिक्षकांच्या यादीतून सहज निसटते. विद्यार्थ्यांचे आजार, ॲलर्जी व चालू औषधे यांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. वर्गात किमान एक तासिका भेटीच्या प्रश्नांसाठी द्यावी, जेणेकरून मुले काय पाहायचे हे ठरवून निघतील.

*(आ) भेटीदरम्यान :* दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानता येईल. पाणी किंवा चढण असल्यास ते आणखी कमी ठेवावे. एक शिक्षक पुढे, एक मध्ये व सर्वांत अनुभवी शिक्षक शेवटी असावा, कारण थकलेले, घाबरलेले वा रेंगाळणारे मूल नेहमी मागे राहते. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून प्रत्येक थांब्यावर मोजणी करावी. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ती कोणत्याही आग्रहाने बदलू नये. अध्यापनाच्या दृष्टीने शिक्षकाने कमी बोलावे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर तो प्रश्न वहीत लिहून परत आणावा.

परिसरातील आदिवासी वाड्यांवरील ठाकर व कातकरी समाजातील मुले वर्गात असतील, तर रानभाज्या, खेकडे, कंद व पाऊलवाटा यांविषयीचे त्यांचे ज्ञान शिक्षकापेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. वर्गात मागे बसणारे मूल रानात पुढे चालू लागते, ही संधी शिक्षकाने ओळखावी. मात्र त्या मुलाला किंवा त्याच्या वाडीला प्रदर्शनीय वस्तू बनवू नये. वाडीला भेट द्यावयाची असल्यास आधी विचारावे व परवानगीशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत.

*(इ) भेटीनंतर :* अनुभवाचे शिक्षणात रूपांतर मुख्यत्वे या टप्प्यात होते आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो. आठवडाभरात दोन तासिका तरी नोंदींवर काम व्हावे. आलेखात पीएचचे आकडे मांडणे, नदीचा नकाशा काढणे, नगरपरिषदेला किंवा महानगरपालिकेला पत्राचा मसुदा लिहिणे, घरातील वडीलधाऱ्यांना ‘पूर्वी नदी कशी होती?’ असे विचारून उत्तर लिहून आणणे, अशी कामे देता येतात. उल्हासनगरसारख्या सिंधी, मराठी, हिंदी व अन्य भाषा बोलणाऱ्या शहरात ही उत्तरे ज्या भाषेत मिळतील त्या भाषेत स्वीकारावीत. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनी पाहिला, ती पिढी घरोघरी आहे. बदलापूर-वांगणी दरम्यान २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजारहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, ही आठवणही दूरची नाही. आपल्या इमारतीच्या भिंतीवर पाणी कोठपर्यंत आले होते ते मोजून आणलेल्या मुलाला ‘पूररेषा’ या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

७. सुरक्षितता : टाळणे की शिकवणे?

वर्गाबाहेरील शिक्षणावरील सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो निराधार नाही. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीस गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाल्याच्या दुर्घटनेने सारे राज्य हादरले. इंग्लंडमध्ये लाइम उपसागरात २२ मार्च १९९३ रोजी कनू चालवण्यासाठी गेलेल्या शाळकरी मुलांपैकी चौघांचा मृत्यू झाला. साहस केंद्रातील प्रशिक्षकांची अपुरी पात्रता व पूर्वसूचनांकडे झालेले दुर्लक्ष त्या प्रकरणी उघड झाले. तेथील संसदेने १९९५ मध्ये कायदा करून अशा केंद्रांना परवाना सक्तीचा केला. म्हणजे दुर्घटनेनंतर मुलांना बाहेर नेणे बंद न करता नेणाऱ्यांची पात्रता निश्चित करण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी व सुरक्षा यांकडे लक्ष दिले आहे.

या तीन शहरांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा विचारात घेतला पाहिजे. बदलापूरजवळील कोंडेश्वरच्या कुंडात व धबधब्यावर, तसेच उल्हास व बारवीच्या पात्रांत पावसाळ्यात तरुणांचे बुडून मृत्यू झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. जिल्हा प्रशासन अशा स्थळी पावसाळ्यात प्रतिबंधात्मक आदेश काढते. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर घरी न सांगता तेथे जाणाऱ्या मुलांबरोबर शिक्षक नसतो. शाळेने सर्व भेटी रद्द केल्या, तरी ही मुले पाण्यावर जाणे थांबवत नाहीत. त्यांना पाणी ओळखायला कोणी शिकवले नाही, एवढेच घडते.

पाणी ओळखणे हा शिकवता येण्याजोगा विषय आहे. वर डोंगरात पाऊस पडत असेल, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगू शकतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, प्रवाहाचा आवाज वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. धबधब्याखालील कुंडाची खोली वरून समजत नाही व शेवाळलेला खडक ओल्या काचेसारखा असतो. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी पोहता न येणाऱ्याने उडी मारल्यास एकाऐवजी दोन जीव जातात. दोर, ओढणी, काठी किंवा रिकामा बंद डबा फेकणे हा योग्य मार्ग होय. हे सर्व ऑक्टोबरनंतर पाणी ओसरल्यावर सुरक्षित अंतरावरून, तसेच वर्गात प्रात्यक्षिकाने शिकवता येते. याच पद्धतीने सर्पदंशाचे प्रथमोपचार शिकवावेत. जखम कापू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, रुग्णाला चालवू नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून त्वरित प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात न्यावे. आग्यामोहळाच्या परिसरात धूर, उग्र सुगंधी द्रव्ये व दगडफेक टाळावी, हेही गडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे.

शिक्षकाने स्वतःच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. चंदेरीसारखा कातळकड्याचा दुर्ग प्रशिक्षित पथकाशिवाय शालेय विद्यार्थ्यांसाठी योग्य नाही. उत्साही शिक्षकाने स्वतः तो अनेकदा सर केला असला, तरी एकट्याने चढणे व चाळीस मुलांना सुखरूप खाली आणणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पालकांचे संमतिपत्र आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, याचे भान मुख्याध्यापकांनीही ठेवावे.

८. विश्वासाचा प्रश्न

सुरक्षिततेची दुसरी बाजू माणसांशी निगडित आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत लहान मुलींवरील अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. ती घटना शाळेच्या चार भिंतींच्या आत घडली होती, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. भिंती असल्या म्हणजे मूल सुरक्षित असते, ही समजूत त्या दिवसांत उरली नाही. त्यानंतर आपल्या मुलीला शिक्षकांबरोबर दिवसभर बाहेर पाठवताना पालकाचे मन कचरत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

हा विश्वास भाषणाने परत येणार नाही. त्यासाठी दिसणारी व्यवस्था हवी. भेटीत स्त्री व पुरुष दोन्ही शिक्षक असावेत. कोणतीही प्रौढ व्यक्ती एका मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटी असू नये, हा नियम सर्वांना, अगदी ज्येष्ठ शिक्षकांनाही लागू असावा. वाहनचालक, मदतनीस व बाहेरील प्रशिक्षक यांची ओळख व पार्श्वभूमी आधी तपासावी. कोणाकडे तक्रार करायची, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगावे आणि १०९८ हा बालमदत क्रमांक त्यांना पाठ असावा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम २०१२ अन्वये अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, याची जाणीव प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाला असावी. काही पालकांना सोबत येण्याचे निमंत्रण दिल्यास मनुष्यबळही वाढते आणि शाळेच्या व्यवस्थेचे साक्षीदारही मिळतात. अन्यथा भीतीपोटी प्रथम मुलींच्याच भेटी रद्द होतात आणि अत्याचाराची शिक्षा पुन्हा त्यांनाच भोगावी लागते.

९. शिक्षकांच्या अडचणी व महाविद्यालयांची भूमिका

मार्गदर्शक शिक्षकाच्या अडचणी सर्वपरिचित आहेत. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका ही कामे शिक्षकांना लागू ठेवली आहेत. त्यांत अहवाल व माहिती भरण्याच्या कामांची भर पडते. पूर्वपाहणी बहुधा रविवारी, स्वखर्चाने करावी लागते. पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला पुरेसे शिक्षक सोबत मिळत नाहीत. एस.टी.ची शालेय सहलींसाठीची सवलत उपयोगी असली, तरी गरीब पालकांना उरलेला खर्चही जड जातो. त्यापेक्षा जलक्रीडा उद्यानाची तयार सहल विकत घेणे सोपे पडते. तेथे शिकण्यासारखे फारसे नसते. मात्र जबाबदारी वाटून घेणारा व्यवस्थापक असतो. अशा स्थितीत शिक्षकाला केवळ उपदेश करणे अन्यायाचे ठरेल.

येथे महाविद्यालयांना भरीव साहाय्य करता येईल. मुळात महाविद्यालयीन पर्यावरण अभ्यासाची स्थितीही शाळांहून वेगळी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केलेल्या पदवी स्तरावरील पायाभूत अभ्यासक्रमात आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता व त्यासाठी पाच तासिकांइतका वेळ नेमलेला होता. हा घटकही पुष्कळदा उतरवून काढलेल्या प्रकल्पवहीत संपला. तेव्हा दोन्ही स्तरांवरील उणीव एकत्रितपणे भरून काढणे शक्य आहे.

पहिली सूचना अशी की भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी मिळून परिसरातील आठ-दहा स्थळांच्या क्षेत्रभेट-पुस्तिका तयार कराव्यात. प्रत्येकीत वाट, ऋतू, धोक्याच्या जागा, इयत्तेनुसार प्रश्न व जवळच्या रुग्णालयाची माहिती असावी. दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसंबंधी आहे. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले व बालसंरक्षणाचे नियम समजावून दिलेले स्वयंसेवक शाळांच्या भेटीत शिक्षकांच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम करू शकतील. तिसरी सूचना शिक्षणशास्त्र महाविद्यालयांसाठी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले व शालेय आंतरवासितेला वीस आठवडे मिळाले. त्या काळात प्रत्येक छात्राध्यापकाने किमान एका क्षेत्रभेटीचे पूर्ण नियोजन, पूर्वपाहणी व मूल्यमापन करावे, अशी अट घालण्यास अडचण नसावी. चौथी सूचना नोंदींच्या जतनाची आहे. वेगवेगळ्या शाळांनी दरवर्षी ठरावीक ठिकाणी घेतलेल्या वालधुनीच्या नोंदी महाविद्यालयाने संकलित केल्यास काही वर्षांत नदीच्या स्थितीचा स्थानिक दस्तऐवज तयार होईल आणि मुलांच्या कामाला परीक्षेपलीकडचे मोल प्राप्त होईल.

१०. समारोप

वर्गाबाहेरील शिक्षणाचे यश डोंगराच्या उंचीवर किंवा प्रवासाच्या अंतरावर अवलंबून नसून, आधी वाट पाहून आलेल्या, प्रश्न तयार ठेवलेल्या, मुले मोजणाऱ्या व परतल्यावर त्यांच्या नोंदी वाचणाऱ्या शिक्षकावर अवलंबून असते, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत त्यासाठी लागणारी सामग्री विपुल आहे. येथील धोकेही खरे आहेत. परंतु ते शाळेने तोंड फिरवल्याने कमी होत नाहीत. पाऊस, नदी, कारखाना आणि डोंगर यांच्यामध्येच ही मुले वाढत आहेत. त्यांचा परिचय जाणत्या शिक्षकाच्या सोबतीने व्हावा की अपघाताने, हा निर्णय शाळा व महाविद्यालये यांनी मिळून घ्यावयाचा आहे. शिक्षकाला वेळ, सोबत, प्रशिक्षण व संस्थेचे पाठबळ मिळाले, तर पाठ्यपुस्तकातील ‘क्षेत्रभेट’ हे प्रकरण पाठ करण्याऐवजी प्रत्यक्ष चालून शिकवता येईल.